दुःख आणि देवाचे न्यायीपण : एक ख्रिस्ती विचार



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात शंका विचारण्यास कोणालाही संकोच वाटत नसे. त्या परंपरेला अनुसरून मी आज एक अवघड प्रश्न विषय म्हणून निवडला आहे. देव जर दयाळू आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर तो माणसाच्या वाट्याला दुःख का येऊ देतो? मी ख्रिस्ती श्रद्धेत वाढलो आणि मराठी माध्यमातून शिकलो. त्यामुळे या प्रश्नाचा ख्रिस्ती परंपरेने कसकसा विचार केला, हे आपल्या भाषेत मांडावे, असा माझा प्रयत्न आहे. श्रोत्यांपैकी पुष्कळजण अन्य श्रद्धांचे आहेत, काही कोणतीच श्रद्धा न मानणारे असतील. कोणाचे मतपरिवर्तन करावे, हा माझा हेतू नाही. मात्र आपल्या शेजाऱ्याचा धर्म दुःखाच्या प्रसंगी त्याला काय सांगतो, हे आपणांस ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नाचे स्वरूप

या प्रश्नाची तर्कशुद्ध मांडणी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याच्या नावावर सांगितली जाते. इसवी सनाच्या चौथ्या शतकारंभी लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाने ती नोंदवून ठेवली. तिचा आशय असा : देवाला दुःख नाहीसे करण्याची इच्छा आहे, परंतु शक्ती नाही, तर तो दुर्बळ ठरतो. शक्ती आहे, परंतु इच्छा नाही, तर तो निर्दय ठरतो. दोन्ही असतील, तर मग जगात दुःख कोठून आले?

ख्रिस्ती विचाराला हा पेच विशेष जाचतो, याचे कारण समजून घेतले पाहिजे. भारतीय परंपरांमध्ये कर्मसिद्धान्ताच्या साह्याने या जन्मातील दुःखाची संगती पूर्वजन्मीच्या कर्मांशी लावता येते. त्या सिद्धान्तासंबंधीही आपल्याकडे सूक्ष्म वाद झाले आहेत, परंतु निदान कार्यकारणाची एक साखळी तेथे उपलब्ध असते. ख्रिस्ती धर्म पुनर्जन्म मानीत नाही. एकच जन्म, एकच निर्माता आणि त्याने निर्माण केलेली सृष्टी मुळात चांगली, अशी त्याची धारणा आहे. अशा स्थितीत एखादे बालक जन्मतःच व्याधिग्रस्त का निघाले, याचे उत्तर मागील जन्मावर सोपविता येत नाही. प्रश्न सरळ देवासमोर जाऊन उभा राहतो.

दंडाचा सिद्धान्त

सर्वांत जुने आणि सर्वांत सोपे उत्तर म्हणजे दुःख हा पापाचा दंड होय. बायबलच्या काही भागांत हा विचार निश्चित आढळतो. परंतु त्याच बायबलने या विचाराची जी कठोर तपासणी केली आहे, तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही.

'ईयोब' हा ४२ अध्यायांचा ग्रंथ या एकाच प्रश्नाला वाहिलेला आहे. ईयोब हा सदाचारी गृहस्थ. त्याची संपत्ती जाते, मुले मरतात, अंगावर फोड येतात. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र सांत्वनासाठी येतात. प्रथम ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर निःशब्द बसून राहतात. पुढे मात्र ते बोलू लागतात आणि तू काहीतरी पाप केले असलेच पाहिजेस, असा युक्तिवाद नाना प्रकारे करतात. ईयोब तो मान्य करीत नाही. तो देवालाच जाब विचारतो, स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. अखेरीस देव वादळातून बोलतो, परंतु दुःखाचे कारण सांगत नाही, उलट सृष्टीच्या अफाटपणाविषयी ईयोबाला प्रश्न विचारतो. ग्रंथाच्या शेवटी देव ठपका ठेवतो तो मित्रांवर. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाशी भांडणारा योग्य बोलला, असा हा निर्णय आहे. विठ्ठलाशी हक्काने भांडणाऱ्या तुकोबांना ओळखणाऱ्या मराठी श्रोत्यांना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

येशू ख्रिस्ताच्या चरित्रातील दोन प्रसंगही येथे विचारात घेण्यासारखे आहेत. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक जन्मांध मनुष्य भेटतो. पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे, असे शिष्य विचारतात. या दोन्ही पर्यायांना येशू स्पष्ट नकार देतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोह येथील बुरूज कोसळून १८ माणसे मृत्यू पावल्याचा उल्लेख आहे. हे अठराजण यरुशलेममधील इतर रहिवाशांहून अधिक पापी होते काय, असा प्रश्न येशू स्वतःच उपस्थित करतो आणि स्वतःच नाही म्हणतो. ते सांगत असताना ऐकणाऱ्यांनी आपापल्या आचरणाकडे पाहावे, असेही तो बजावतो. म्हणजे पश्चात्ताप हा स्वतःपुरता करावयाचा असतो. दुसऱ्याच्या अपघातावरून त्याच्या पापाचा हिशेब मांडण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही.

इतके स्पष्ट वचन असूनही चर्चच्या इतिहासात दंडाचा सिद्धान्त पुनःपुन्हा डोके वर काढीत आला. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने हादरले. त्या काळी गोव्याचा राज्यकारभार ज्या राजधानीतून चाले, ती हीच नगरी. प्रार्थनामंदिरे भाविकांनी भरलेली होती. ती कोसळली, मागाहून समुद्राच्या लाटा शहरात शिरल्या आणि आगी कित्येक दिवस धुमसत राहिल्या. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. गाब्रिएल मालाग्रिदा या जेझुइट धर्मोपदेशकाने १७५६ साली पुस्तिका लिहून हा नगरीच्या पापांचा दंड असल्याचे प्रतिपादन केले. पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याचा मार्ग निराळा होता. त्याने मृतांची विल्हेवाट, धान्याचा पुरवठा आणि शहराची फेररचना यांकडे लक्ष दिले. शिवाय हादरे किती वेळ टिकले, समुद्राचे पाणी कसे वागले, अशी प्रश्नावली राज्यातील धर्मगुरूंकडे पाठवून उत्तरे मागविली. भूकंपशास्त्राच्या आरंभीच्या प्रयत्नांत तिची गणना होते.

हे सारे विश्व संभाव्य विश्वांपैकी सर्वोत्तम आहे, असे लायब्निट्झ या जर्मन तत्त्वज्ञाने १७१० साली मांडले होते. लिस्बननंतर व्हॉल्तेअरने त्या आशावादाची 'कांदीद' (१७५९) या कादंबरीत निर्भर्त्सना केली. रूसोने मात्र व्हॉल्तेअरला १७५६ साली लिहिलेल्या पत्रात वेगळाच मुद्दा काढला. दाटीवाटीने उंच घरे बांधण्याचे काम निसर्गाने केलेले नव्हते, याची त्याने आठवण करून दिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेलेली असताना, किल्लारी आणि परिसरात जो भूकंप झाला, त्याच्या संदर्भातही हा मुद्दा लागू पडतो. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड छपरे यांखाली सापडून तेथे असंख्य माणसे दगावली. ज्याला आपण दैवी कोप म्हणतो, त्यात मानवी दारिद्र्याचा आणि दुर्लक्षाचा वाटा किती, हे आधी तपासावयास हवे.

हा दोष एकट्या ख्रिस्ती समाजाचा नव्हे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा हा अस्पृश्यतेच्या पापाचा दंड होय, असे महात्मा गांधींनी म्हटले. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात त्यांच्या बाजूने असणाऱ्या रवींद्रनाथांनी या विधानाचा जाहीर प्रतिवाद केला. नैसर्गिक घटनेला नैतिक कारण चिकटविणे त्यांना मान्य नव्हते. २०२० आणि २०२१ या महासाथीच्या वर्षांतही सर्व धर्मांतील काही उपदेशकांनी हीच भाषा वापरली. आईवडिलांचे अंत्यदर्शनही ज्यांना घडले नाही, अशा मुलांच्या कानांवर ती पडली. म्हणून हा केवळ तत्त्वज्ञानाचा वाद आहे, असे मी मानीत नाही. चुकीचे उत्तर दुःखिताच्या जखमेवर दुसरी जखम करते.

मानवी स्वातंत्र्य

दुसरे उत्तर संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांच्या विचारांतून विकसित झाले. देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिले. प्रेम करावयाचे, तर ते सक्तीने होत नाही. प्रेम नाकारण्याची मुभा असेल, तरच प्रेमाला अर्थ येतो. माणसाने त्या मुभेचा दुरुपयोग केला आणि त्यातून युद्धे, अन्याय आणि क्रौर्य यांचा जन्म झाला. आदाम आणि एवा यांच्या पतनाची कथा हाच अर्थ सांगते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ती कथा मराठी ओव्यांत गुंफली. १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापल्या गेलेल्या त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'तील पहिले पुराण तिच्यापासूनच पुढे सरकते. म्हणजे या विषयाची मराठीतील चर्चा चार शतकांहून जुनी आहे.

या उत्तराचे सामर्थ्य मोठे आहे. माणूस माणसाला जे भोगावयास लावतो, त्याची जबाबदारी ते माणसावर टाकते. आपल्या गोव्याच्या भूमीत हे सांगताना ख्रिस्ती माणसाने एक गोष्ट लपविता कामा नये. १५६० साली येथे स्थापन झालेले आणि मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चाललेले इन्क्विझिशन हे ख्रिस्ताच्या नावाने चालले. नवख्रिस्ती, हिंदू आणि ज्यू यांनी जे सोसले, त्याला देवाची योजना म्हणणे हा त्या दुःखितांचा दुसरा अपमान ठरेल. ते माणसांचे कृत्य होते आणि ती माणसे माझ्याच धर्माची होती.

परंतु या उत्तराची मर्यादाही उघड आहे. भूकंप, महापूर, बालकाला होणारा कर्करोग हे कोणाच्या इच्छास्वातंत्र्याचे फळ? येथे ऑगस्टीन यांचा युक्तिवाद अपुरा पडतो.

वेदना आणि वाढ

तिसरे उत्तर संत इरेनियस या दुसऱ्या शतकातील बिशपांच्या विचारांवर आधारलेले आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन हिक यांनी १९६६ साली त्याची नव्याने मांडणी केली. माणूस परिपूर्ण स्थितीत निर्माण झाला नाही, त्याला हळूहळू परिपक्व व्हावयाचे आहे, असे हे मत. जेथे कोणतेही संकट नाही, तेथे धैर्य नाही. जेथे कोणालाच गरज नाही, तेथे करुणाही नाही.

या विचाराला वैद्यकशास्त्रातून एक विलक्षण पुष्टी मिळते. डॉ. पॉल ब्रँड (१९१४-२००३) यांचा जन्म तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात मिशनरी कुटुंबात झाला. १९४६ पासून त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम केले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडून जातात, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांनी निरीक्षणाने दाखवून दिले की, पुष्कळशी हानी संवेदना नष्ट झाल्यामुळे होते. रोगी तापलेले भांडे हातात धरून ठेवतो, पायात रुतलेल्या खिळ्यावर चालत राहतो, कारण त्याला दुखतच नाही. वेदना ही शरीराची राखणदार असते आणि ती गेली की शरीर उघडे पडते, असा निष्कर्ष या शल्यचिकित्सकाने काढला. १९९३ साली फिलिप यान्सी यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी वेदनेला कोणालाही नको असलेली देणगी म्हटले आहे.

हा विचार मला मोलाचा वाटतो, तरी तो शेवटपर्यंत ताणता येत नाही. सावध करणारी वेदना निराळी आणि काहीच न शिकविता माणसाला चिरडून टाकणारी वेदना निराळी. दोस्तोयेव्हस्की यांच्या 'करामाझॉव्ह बंधू' (१८८०) या कादंबरीतील इव्हान हाच आक्षेप घेतो. एका निष्पाप मुलाचा छळ ही ज्याची किंमत असेल, असा विश्वाचा अंतिम सुसंवाद त्याला नको आहे. एक श्रद्धावंत लेखक आपल्या पात्राच्या तोंडी इतका बलवान आक्षेप घालतो आणि त्याला युक्तिवादाने सहज उत्तर देत नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

आणखी एक धोका सांगितला पाहिजे. दुःख माणसाला घडविते, हे वाक्य सोसणाऱ्याने स्वतःविषयी म्हटले, तर ते अनुभवाचे बोल असतात. तेच वाक्य सुखी माणसाने दुःखिताला ऐकविले, तर त्याचा उपदेश होतो. मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांना, वेठबिगारांना, गरिबांना असा उपदेश सर्वच धर्मांच्या नावाने केला गेला आहे. येशूच्या चरित्रात मात्र तुझा रोग तुझ्या भल्यासाठी आहे, तो तसाच राहू दे, असे त्याने एकाही रोग्याला सांगितल्याचे आढळत नाही. जो आला त्याला त्याने बरे केले. मित्र लाजरस याच्या थडग्यापाशी तो रडला.

क्रूसाचा अर्थ

आता मी या विवेचनाच्या गाभ्याशी येतो. वरील तिन्ही उत्तरे देवाला दुःखाच्या बाहेर उभा करून त्याचे समर्थन करतात. ख्रिस्ती श्रद्धेचे वैशिष्ट्य असे की, ती देवाला दुःखाच्या आत पाहते. ज्याला ती देवाचा पुत्र मानते, त्याला मित्राने फसविले, न्यायासनाने अन्यायाने दोषी ठरविले आणि गुन्हेगाराच्या मरणाने क्रूसावर मारले. मरताना त्याने जुन्या स्तोत्राच्या शब्दांत, देवाने आपल्याला का टाकले, असा टाहो फोडला. दुःखाविषयीचा 'का' हा प्रश्न येथे खुद्द ख्रिस्ताच्या मुखात आहे आणि त्या घटकेला आकाशातून कोणतेही उत्तर आले नाही.

नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल तुरुंगात पडलेले जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बॉनहॉफर यांनी १९४४ साली तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत हा विचार निर्भीडपणे मांडला. देव आपल्या सामर्थ्याच्या बळावर नव्हे, तर आपल्या दुर्बलतेने आणि सोसण्याने साह्य करतो, असा त्यांचा आशय होता. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ साली क्रूसावरील देवाविषयी जो ग्रंथ लिहिला, तोही त्याच अनुभवातून आला. तरुणपणी त्यांनी हँबर्ग शहराचा बाँबवर्षावात झालेला विध्वंस पाहिला होता आणि नंतर युद्धकैद भोगली होती.

श्रोते येथे रास्त शंका घेतील. देवानेही सोसले, एवढ्याने माझे दुःख कमी कसे होते? बुडणाऱ्याला सोबत बुडणारा मिळाला, तर उपयोग काय? ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर पुनरुत्थान हे आहे. मरण हा शेवटचा शब्द नाही, अन्यायाने मारलेल्याची बाजू देवाने उचलून धरली, असा तिचा दावा आहे. हा दावा प्रयोगशाळेत सिद्ध करता येत नाही. तो विश्वासाने स्वीकारला जातो किंवा नाकारला जातो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु स्वीकारणाऱ्याच्या वागण्यावर त्याचा परिणाम काय होतो, हे पाहता येते. त्यासाठी मी आपल्याच भाषेतील एका स्त्रीचे जीवन समोर ठेवतो.

पंडिता रमाबाई

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी त्या संस्कृत शिकल्या आणि हे कुटुंब पुराणे सांगत देशभर फिरले. १८७० च्या दशकातील दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने पिता, माता आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. १८८० साली भाऊ गेला आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन वयाच्या चोविसाव्या वर्षी त्या एकाकी उभ्या राहिल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतरही त्या चर्चच्या अधिकाऱ्यांशी निर्भयपणे वाद घालीत राहिल्या.

१८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि उपासमारीने व अत्याचाराने गांजलेल्या शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. त्यांतून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातही त्यांनी तेच केले. त्या मुलींची उपासमार त्यांना परकी नव्हती. स्वतःच्या कुटुंबाने तसाच दुष्काळ सोसल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. माझे आईबाप का गेले, या प्रश्नाचे स्पष्टीकरण रमाबाईंना मिळाले, असे मला म्हणावयाचे नाही. त्या दुष्काळाच्या आठवणीने त्या दुसऱ्या दुष्काळाच्या गावात गेल्या, एवढे मात्र इतिहास सांगतो. १९२१ साली मनोरमाही निवर्तली. तरीही मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर करण्याचे काम रमाबाईंनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

दुःख येऊ दिले म्हणून रमाबाई घडल्या, असे समीकरण मी मांडीत नाही. ज्या हजारो मुली त्या दुष्काळात वाचल्याच नाहीत, त्यांच्यापुढे ते समीकरण टिकत नाही. माझे म्हणणे इतकेच की, क्रूसावरील देवावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला दुःखाकडे पाठ फिरविता येत नाही. जेथे दुःख आहे, तेथे देव आधीच आहे, असे तो मानतो आणि म्हणून तेथे जातो.

समारोप

देव दुःख का येऊ देतो, या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर ख्रिस्ती परंपरेजवळ नाही, हे मी स्पष्टपणे नमूद करतो. तिने काही उत्तरे निश्चितपणे फेटाळली आहेत. दुःखितावर पापाचा आरोप करू नका, हे ईयोबाने आणि शिलोहच्या बुरुजाने तिला शिकविले. काही उत्तरे तिने अंशतः स्वीकारली आहेत. मानवी स्वातंत्र्य आणि वेदनेतून होणारी वाढ ही त्यांत येतात. आणि एक श्रद्धा तिने मध्यभागी ठेवली आहे, ती ही की देव दुःखिताच्या शेजारी आहे आणि मरण अंतिम नाही. या श्रद्धेसह देवाला जाब विचारण्याचा अधिकारही तिने शाबूत ठेवला. प्रार्थनेच्या तिच्या पुस्तकात, म्हणजे १५० स्तोत्रांत, तक्रारीच्या आणि विलापाच्या स्तोत्रांचा भाग फार मोठा आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी डॉक्टर आहेत, कोणी शिक्षक, कोणी व्यापारात आहेत. प्रत्येकाला कधी ना कधी शोकग्रस्त घरी जावे लागते. तेथे काय बोलावे, असे मला अनेकांनी विचारले आहे. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस जसे वागले, तसे वागावे, असे मी सुचवितो. शेजारी बसावे, घरात चूल पेटली आहे की नाही ते पाहावे, मुलांना जेवू घालावे, औषधाचे आणि कागदपत्रांचे काम अंगावर घ्यावे. कारणे शोधण्याची घाई करू नये. दुःखी माणूस स्वतः प्रश्न विचारील, तेव्हा त्याच्याबरोबर तो प्रश्न विचारावा.